राष्ट्रपती, राष्ट्राध्यक्ष की नुसतंच 'प्रेसिडेंट'?

लिफीकाठी
एका दिवाळी अंकासाठी कथा लिहितेय आणि पहिल्याच पानावर अडलेय. काळ २०३२ चा, जागा डब्लिन. आयर्लंडच्या प्रेसिडेंटची निवडणूक ऑक्टोबर २०२५ मध्ये झाली, मुदत सात वर्षांची, म्हणजे पुढची २०३२ ला. ती मी कल्पनेने रंगवतेय. नायिका सिंधुदुर्गातून आलेल्या एका नर्सची मुलगी. चार वर्षांची असताना इथे आली, आता छत्तीस वर्षांची आहे (पस्तिशीच्या आत इथे उभं राहता येत नाही). आई कुडाळच्या बहिणीला फोन करते: "अगो, आमची चेडू राष्ट्रपतीच्या इलेक्शनाक उभी रवली."

संपादकांनी कथेत सगळीकडे 'राष्ट्रपती' काढून 'राष्ट्राध्यक्ष' केलं. आईच्या तोंडीसुद्धा! म्हणे, राष्ट्रपती फक्त भारताचे. पण राष्ट्राध्यक्ष म्हटलं की डोळ्यांसमोर व्हाइट हाउस येतं. इथल्या प्रेसिडेंटच्या हातात तसं काही नसतं. विधेयकावर सही करायची, फार तर ते सर्वोच्च न्यायालयाकडे तपासायला धाडायचं. कारभार पंतप्रधानाचा. थोडक्यात आपल्या राष्ट्रपतींसारखंच, फक्त निवड थेट जनतेतून. काय लिहू?

मुद्रितशोधक
संपादक बरोबर आहेत. मी तेवीस वर्षं वर्तमानपत्रात होतो. आमच्या टेबलाच्या काचेखाली शब्दांची यादी होती, त्यात स्वच्छ लिहिलेलं: भारत - राष्ट्रपती, इतर - अध्यक्ष. कारण व्याकरणाचं नव्हे, जागेचं. एका कॉलमाच्या मथळ्यात 'राष्ट्राध्यक्ष' मावत नाही, 'अध्यक्ष' मावतो. त्यामुळे फ्रान्सचा काय, घानाचा काय, सगळे अध्यक्ष.

ओवी
पण हिंदीत तर सगळ्यांनाच राष्ट्रपति म्हणतात. अमेरिकेचा राष्ट्रपति, रूसचा राष्ट्रपति. मग मराठीतच हा भेद कशाला?

शुद्धमती
हीच ती हिंदीची लागण. हल्लीच्या मराठी वाहिन्यांवरही 'अमेरिकेचे राष्ट्रपती' ऐकू येतं आणि माझं रक्त उसळतं. आपल्याकडे भेद आहे तो पुसू नका. नाहीतर उद्या 'मी केली आहे'चं 'मी केलेली आहे' झालं तसं होईल.

कौटिल्यभक्त
मुळात 'अध्यक्ष' हा शब्दच चुकीचा आहे. अर्थशास्त्राचं दुसरं अधिकरण काढून बघा, त्याचं नावच अध्यक्षप्रचार. त्यात सीताध्यक्ष म्हणजे शेतीखात्याचा प्रमुख, सुराध्यक्ष म्हणजे दारूखात्याचा, पण्याध्यक्ष, नावध्यक्ष, अगदी गणिकाध्यक्षसुद्धा. म्हणजे अध्यक्ष हा खातेप्रमुख, राजाचा पगारी नोकर! देशाच्या सर्वोच्च माणसाला सुराध्यक्षाच्या रांगेत बसवणं ही पदावनती आहे. 'पती' हा शब्द 'पा' म्हणजे रक्षण करणे या धातूवरून. सेनापती, छत्रपती, राष्ट्रपती. प्रश्न संपला.

चिंचेचं बोटुक
संपला कसा? सुराध्यक्ष हे पद आयर्लंडला शोभतंच की. 😄

आणि काका, 'पा' धातू राहू दे संस्कृतात. मराठीत पती म्हणजे नवरा. २००७ साली प्रतिभा पाटील निवडून आल्या तेव्हा माझी आजी बातम्या बघता बघता म्हणाली, "बाई राष्ट्रपती, मग तिच्या यजमानांना काय म्हणायचं गं?" कुणाला उत्तर देता आलं नाही. आज्जी शेवटपर्यंत 'प्रतिभाताई' म्हणत राहिली. आयर्लंडमध्ये तर मेरी रॉबिन्सन झाल्या, मेरी मॅकअलीस झाल्या, आता कॅथरीन कॉनोली. तिथे 'पती' लावणं जरा जास्तच होतं.

कौटिल्यभक्त
मग 'अध्यक्षा' लिहिणार का? 'राष्ट्राध्यक्षा'? पदाला लिंग नसतं, ताई.

चिंचेचं बोटुक
पदाला नसतं, शब्दाला असतं. म्हणूनच तर ही चर्चा.

घटनेचा विद्यार्थी
एक मुद्दा कुणी मांडला नाही. आपल्या घटनाकारांनी राष्ट्रपतीच्या निवडणुकीची पद्धत आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेवरून घेतली. मतपत्रिकेवर १, २, ३ असा पसंतीक्रम लिहायचा, कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील तर तळाच्या उमेदवाराला काढून त्याची मतं पुढच्या पसंतीला द्यायची. फरक इतकाच की आपल्याकडे मत आमदार-खासदारांचं, तिथे साऱ्या नागरिकांचं. ज्यांच्याकडून पद्धत उसनी घेतली त्यांना आपला शब्द उसना द्यायला काय हरकत?

मुद्रितशोधक
मुद्दा चांगला आहे. पण कॉलमात मावत नाही.

वेशीवरचा
आमच्या तालुक्याच्या गावातून सांगतो. 'थेट नगराध्यक्ष' हा शब्द पोरासोरांनाही कळतो. जनतेतून थेट निवडून आलेला, सभागृहात मात्र बहुमत दुसऱ्याच पार्टीचं. खुर्ची याची, ठराव त्यांचे. लिफीताईंना पाहिजे ती बाब ह्या 'थेट'मध्ये आहे. लिहा 'थेट राष्ट्रपती'.

ओवी
थेट राष्ट्रपती म्हणजे मधला दलाल नसलेला वाटतो. 'शेतकरी ते ग्राहक थेट' असा.

लिफीकाठी
😂 गंमत सांगते. आयरिश भाषेत या पदाचं नाव 'उआख्तरान'. माझी मुलगी शाळेत आयरिश शिकते. परवा गृहपाठ करताना म्हणाली, "आई, आइस्क्रीमला आयरिशमध्ये गोठलेली साय म्हणतात." त्यातली साय म्हणजे 'उआख्तर'. मी उडालेच. उआख्तर म्हणजे वरचा भाग, वरचा थर, म्हणून साय. आणि त्यावरूनच उआख्तरान, सगळ्यांच्या वर असणारा. ना पती, ना अक्ष.

चिंचेचं बोटुक
राष्ट्रसाय!! ठरलं. साय वर असते, दिसते छान, आणि खालच्या दुधाने उतू जायचं की नाही ते काही ती ठरवत नाही.

शुद्धमती
थट्टा पुरे. नवा शब्द घडवायचा तर नीट घडवा. 'महापौर' सावरकरांनी दिला तेव्हाही लोक हसले असतील, आज कुणी 'मेयर' म्हणतं का? 'लोकाध्यक्ष' कसा वाटतो? लोकांनी निवडलेला, म्हणून लोकाध्यक्ष.

ओवी
एखाद्या पतसंस्थेचा वाटतो.

मालवणी गजाल
ल्हवसा थांबा रे. कोणाक दिसूक नाय? 'आमची चेडू उभी रवली' असा कोण बोलता? चेडू नपुंसकलिंगी. 'आमचां चेडू उभां रवलां'. कुडाळच्या बाईच्या तोंडात 'उभी रवली' घातलास तर आमच्या गावात तुझी कथा कोण वाचूचो नाय. राष्ट्रपतीचा मागसून बघूया.

लिफीकाठी
चुकलं, दादा. माझं बालपण पुण्यात, नवरा वेंगुर्ल्याचा. ऐकीव मालवणी आहे. दुरुस्त करते.

मालवणी गजाल
दुसरा म्हणजे, आवस 'राष्ट्रपती' म्हणतली नाय आणि तुझो 'राष्ट्राध्यक्ष' तर नायच. ती 'प्रेसिडेंट' म्हणतली. इतकी वर्सां परदेशात ऱ्हवलेली बाई! लिओ वराडकर मालवण तालुक्यातल्या वराडचो. २०१७ मध्ये तो थयसर पंतप्रधान झालो तेव्हा गावातले म्हातारे 'आपलो पंतप्रधान' म्हणत. तिकडचो शब्द 'टीशॉख' की काय तो कोणी उच्चारलो नाय, कोणाचा काय अडला पण नाय.

घटनेचा विद्यार्थी
हे महत्त्वाचं आहे. टीशॉखला आपण बिनतक्रार पंतप्रधान म्हटलं, कारण काम तेच. मग उआख्तरानला राष्ट्रपती म्हणायला का अडावं? काम तेच.

शुद्धमती
कारण पंतप्रधान हे आधीपासूनच सगळ्या देशांचे असतात. राष्ट्रपती एकाच देशाचे. शब्दाचीही हद्द असते.

लिफीकाठी
मूळ प्रश्न सुटायच्या आत दुसरा टाकते, कारण कथा पुढे सरकलीय. नायिकेला चार परिषदांची शिफारस मिळालीय (वीस खासदार किंवा चार स्थानिक परिषदा पाठीशी लागतात, देशात अशा एकूण एकतीस परिषदा). आता मतमोजणीचा हॉल. इथे दोन गोष्टी घडतात. एक, तळाचा उमेदवार 'बाद' होतो आणि त्याची मतं वाटली जातात. दोन, काही मतपत्रिका 'बाद' होतात. २०२५ ला तर जवळजवळ तेरा टक्के मतं अशी गेली, कित्येकांनी निषेध म्हणून मुद्दाम मतपत्रिका बिघडवली. त्यात माघार घेतलेल्या एका उमेदवाराचं नावही मतपत्रिकेवर राहून गेलं होतं. माझं वाक्य असं झालंय: "बाद झालेल्या उमेदवाराची बाद न झालेली मतं बाजूच्या टेबलावर गेली." संपादकांनी समासात नुसतं प्रश्नचिन्ह काढलंय.

खडू-फळा
शिक्षक मतदारसंघाच्या मोजणीला मी दोनदा बसलोय, म्हणून सांगतो. मतपत्रिका चादरीएवढी. मत फक्त आयोगाने दिलेल्या जांभळ्या पेनाने, आणि पसंती आकड्यातच, अक्षरात 'एक' लिहिलं की गेलं. आणि मतदार कोण? शिक्षक! तरी दरवेळी बाद मतांचा गठ्ठा हा एवढा. एकाने १ च्या जागी मोठ्या अक्षरात 'जुनी पेन्शन' लिहिलं होतं. खाली दोन रेघा. आम्ही चौघांनी ती मतपत्रिका हातात घेऊन पाहिली, कुणीच हसलं नाही, आणि गठ्ठ्यात टाकली.

टेबलावर आम्ही मताला 'बाद' म्हणायचो, उमेदवाराला 'गेला' म्हणायचो. "चौथ्या फेरीत गेला." तुमचंही भागेल.

लिफीकाठी
'गेला' म्हणजे वारला वाटेल हो. कथेत एक वयस्कर उमेदवार आहे.

वेशीवरचा
खो-खोत गडी बाद होतो, मत कशाला बाद? मत 'फुकट गेलं' म्हणा.

खडू-फळा
मुद्दाम बिघडवलेलं मत फुकट गेलं म्हणता येणार नाही. तो त्याचं सांगून गेला.

ओवी
मग 'नोटा' म्हणा की. २०१३ पासून सगळ्यांना माहीत आहे.

खडू-फळा
नोटा हा यंत्रावरचा खुला पर्याय आहे, बटण दाबा आणि घरी जा. मतपत्रिका बिघडवायला पेन चालवावं लागतं. दोन वेगळे राग आहेत ते. मला विचाराल तर मताला 'बाद' ठेवा, उमेदवार 'वगळला' म्हणा.

घटनेचा विद्यार्थी
'वगळला' सरकारी आहे पण चालेल. अवांतर: या फेऱ्यांचं नाट्य कथेत पुरेपूर वापरा. १९९० ला पहिल्या मोजणीत ब्रायन लेनिहान पुढे होते, मेरी रॉबिन्सन मागे. तिसऱ्याला वगळून त्याची मतं वाटल्यावर बाई जिंकल्या. आपल्याकडे १९६९ ला व्ही. व्ही. गिरींनाही दुसऱ्या पसंतीची मतं मोजल्यावरच विजय मिळाला.

मुद्रितशोधक
त्या रात्रीचं आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने सांगितलेलं आठवतं. मथळा दोनदा जुळवला होता. खिळे जुळवणारा वैतागून म्हणाला, "एकदाचं ठरवा राष्ट्रपती कोण, मला शेवटची गाडी गाठायचीय." शब्द तेव्हाही 'राष्ट्रपती'च होता, बरं का.

शुद्धमती
भारताचे होते ते!

लिफीकाठी
संपादकांचा निरोप आलाय. जाहिराती वाढल्या, कथा अडीच हजार शब्दांत बसवा. त्यांनी सरळ पहिलं पान उडवलंय, म्हणजे आईचा फोन गेला, मालवणी गेली. पुढे सगळीकडे 'राष्ट्राध्यक्ष' आहे तसंच. मोजणीचं पान मात्र राहिलंय. तेव्हा 'वगळला' की 'बाद', तेवढं आज रात्रीपर्यंत सांगा.

मालवणी गजाल
फोन काढलो? मगे कथेत ऱ्हवला काय?

कौटिल्यभक्त
'बाद'चं नंतर बघू. 'अध्यक्ष'मधला 'अक्ष' म्हणजे डोळा की आस, हे इथे अजून कुणीही विचारलेलं नाही. अधि अधिक अक्ष, ज्याचा डोळा सगळ्यांवर आहे तो. पण आस धरला तर अर्थ पूर्ण फिरतो, आणि मग माझं वरचं म्हणणं थोडं बदलावं लागेल. सविस्तर लिहितो, जेवून येतो.