वास पाठवणार म्हणे फोनवरून!

शहापूरकर: काल एकानं लिहिलं, ‘दहा वर्षांत पुण्यातल्या पोराला आईच्या बासमती भाताचा वास फोनवर मिळेल.’ खाली नुसते बदामाचे इमोजी. अहो, डोळ्याला तीन रंग पुरतात म्हणून टीव्ही जमला. नाकात वास ओळखणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राही आहेत, वासाच्या किती डब्या भरणार फोनात? १९६० साली अमेरिकेत थिएटरात खुर्च्यांपर्यंत नळ्या नेऊन वास सोडले, पिक्चर आपटला. कॉम्प्युटरला जोडायचं वासाचं यंत्र ‘आयस्मेल’ निघालं, २००१ला कंपनीच गुंडाळली.

लॅबवाला: काका, २०२४ला या. ऑस्मो कंपनीनं आलुबुखारचा वास यंत्रानं मोजून दुसरीकडे तयार केला. आणि बासमतीचा वास मुख्यतः एकाच रेणूचा, २-ॲसिटाइल-१-पायरोलिन. बासमतीचं पान म्हणून भातात टाकता, त्यातही तोच.

वडगावचा रयत: वासाचं राहू दे, बेळगाव बासमती राहिलाय कुठं? उंच वाढतो, वाऱ्यानं आडवा पडतो, उतारा कमी. त्यात बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात तुंबतंय. आम्ही इंद्रायणी लावून मोकळे.

टिळकवाडी: बाजारात पोती भरून मिळतो की.

वडगावचा रयत: पोत्यावर नाव छापायला काय जातंय? उकळी फुटल्यावर शेजारच्या घरात कळायचं, आज यांच्यात पाव्हणं आलंय. तुमच्या पोत्याचा वास कुकरची शिट्टी काढली तरी येत नाही.

टिळकवाडी: जुना तांदूळ असेल. साठवला की वास उडतोच. उगाच बाजाराला नावं ठेवू नका.

वडगावचा रयत: बायपासला सुपीक जमीन जाताना कुठं होता तुम्ही? आता तांदूळ शिकवालाय!

शहापूरकर: धागा वासाचा आहे.

खानापूरची सून: करोनानंतर सासूबाईंना कांद्याची फोडणी जळक्या रबरासारखी यायची. कांदा तोच, कढई तीच. जेवण निम्म्यावर आलं. बिघाड नाकात होता, यंत्रानं बरोबर रेणू सोडून काय उपयोग?

लॅबवाला: एका आजारी माणसावरून सगळं मोडीत?

खानापूरची सून: आजारी नाही, सासू आहे. नीट बोला.

लॅबवाला: चुकलं, ताई. खरं प्रमाणाचा घोळ मोठा आहे, तेवढं मानतो. इंडोल नावाचं रसायन थोडं असलं की मोगरा, जास्त झालं की संडास.

शहापूरकर: म्हणजे नेटवर्क गडबडलं की आईच्या भाताऐवजी... असो. मिळाला विजय, धन्यवाद.

वडगावचा रयत: पाठवा वास. भाव पण पाठवा, परवडला तर पुढच्या मृगाला चार गुंठे लावतो.