मदत हवी आहे : इंग्रजीतील कर्म आणि पूरक यांत फरक कसा करावा?

नमस्कार. दहावीच्या मुलांना इंग्रजी व्याकरण शिकवताना क्रियापदानंतरचे नाम कर्म आहे की पूरक, हे ठरवण्यासाठी मी दोन कसोट्या वापरतो : नाम कर्त्याचीच ओळख सांगत असेल तर ते पूरक, आणि वाक्याचा कर्मणी प्रयोग होत असेल तर ते कर्म. ‘शी बिकेम अ डॉक्टर’ आणि ‘शी कॉल्ड अ डॉक्टर’ या जोडीत दोन्ही कसोट्या चोख लागू पडतात, कारण पहिल्या वाक्यातील डॉक्टर ती स्वतःच आहे, तर दुसऱ्याचे ‘अ डॉक्टर वॉज कॉल्ड’ असे रूपांतर सहज होते. ‘दे इलेक्टेड हिम प्रेसिडेंट’मधील ‘प्रेसिडेंट’ हे कर्माचे पूरक आहे, हेही मुलांना पटते.

खरी पंचाईत ‘शी रिझेम्बल्स हर मदर’ आणि ‘द बॅग वेज टेन किलोज’ या वाक्यांत होते. दोहोंचा कर्मणी प्रयोग होत नाही. पण आई म्हणजे मुलगी नव्हे आणि दहा किलो म्हणजे पिशवीही नव्हे. ‘बिकेम’नंतर ‘टायर्ड’सारखे विशेषण चालते, तसे ‘रिझेम्बल्स’नंतर मुळीच चालत नाही, म्हणून ‘हर मदर’ला कर्म म्हणावे, असे माझे मत आहे. ‘टेन किलोज’बाबत मात्र ते ‘किती’ या प्रश्नाचे उत्तर असल्यामुळे कर्म म्हणण्यास मन धजावत नाही. (‘इट्स मी’मधील ‘मी’चे रूप पाहून त्यालाही कर्म ठरवणारी मुले आहेतच.)

जाणकारांनी कृपया सांगावे, की ‘टेन किलोज’ला पूरक म्हणावे की क्रियाविशेषणात्मक पदबंध, आणि विशेषणाची कसोटी कर्मणी प्रयोगाआधी शिकवणे योग्य ठरेल का?