विषय: कोल्हापूरचा डेस्कटॉप – पंखा फिरतो, स्क्रीन काळा

प्रेषक: मंगळवार पेठ, सध्या नोव्हाय
सोमवार, रात्री १०.४०

मंडळी,

आपल्या मिशिगनच्या ढोलपथकाच्या सरावाच्या मेलमध्ये हे घुसडत नाही, म्हणून वेगळा विषय काढलाय.

घरी कोल्हापुरात बाबांचा डेस्कटॉप शनिवारपासून उठत नाही. बटण दाबलं की पंखा फिरतो, पुढचा दिवा लागतो, स्क्रीन मात्र ठार काळा. मशीन २०१३ चं, असेंबल केलेलं, विंडोज १०. एका दुकानात फोन केला तर न बघताच उत्तर आलं, ‘मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या.’

नवीन घ्यायला माझी ना नाही. ना बाबांची आहे. चाळीस वर्षं उद्यमनगरात लेथ चालवलेला माणूस, न उघडता निदान करणारा मिस्त्री त्यांना चालत नाही. शिवाय त्यात त्यांची फाईल आहे. शाहू स्टेडियमवर बघितलेली पेठापेठांतली प्रत्येक फुटबॉल मॅच ते १९८० पासून वहीत लिहीत आलेत: गोल कुणाचा, कितव्या मिनिटाला, पंचानं काय घाण केली. निवृत्तीनंतर त्या वह्या एक्सेलमध्ये चढवायचं काम चाललंय. चार झाल्या, पाचवी अर्धी. बॅकअपचं विचारू नका.

इथे बसून काय करता येईल?

*

प्रेषक: शिवाजी पेठ, सध्या ट्रॉय
सोमवार, रात्री ११.२०

आधी फाईलचं. मदरबोर्ड खरोखर गेला असला तरी हार्ड डिस्क वेगळी वस्तू आहे. ती काढून यूएसबी केसमध्ये घातली की कुठल्याही लॅपटॉपवर वाचता येते. एवढं वाक्य बाबांना आजच सांगा.

आता ‘स्क्रीन काळा’ म्हणजे माझ्या दृष्टीनं अजून काहीच कळलेलं नाही. कुठं काळा होतो ते पाहिजे. मॉनिटरच गेला असेल तर आत कॉम्प्युटर व्यवस्थित चालू असतो. कंपनीचा लोगो येऊन, विंडोजची टिकली गोल फिरून मग काळा झाला तर भानगड विंडोजची किंवा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरची. आणि लोगोसुद्धा येत नसेल तर मशीन विंडोजपर्यंत पोचलेलंच नाही. बटण दाबल्यावर बोर्ड आधी प्रोसेसर, रॅम (कामापुरती मेमरी), डिस्प्ले तपासतो आणि तिथंच कुठंतरी अडकलाय.

उद्या फोनवर एवढंच विचारा. मॉनिटरचा दिवा कुठल्या रंगाचा? मॉनिटर स्वतः काही लिहितो का? कीबोर्डवर नम लॉक दाबलं की त्याचा दिवा लागतो-विझतो का? आणि बीप ऐकू येते का?

तोपर्यंत काही विकत घेऊ नका.

*

प्रेषक: डोंबिवली, सध्या अॅन आर्बर
मंगळवार, सकाळी ७.०५

सोपं आहे हो. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबायची, ग्राफिक्स ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो. आमच्या ऑफिसात दर आठवड्याला कुणीतरी करतं. नाही जमलं तर सुरू होता होता तीनदा पॉवर बंद करायची, मग रिपेअरचा निळा स्क्रीन येतो, तिथून सेफ मोड.

*

प्रेषक: शिवाजी पेठ, सध्या ट्रॉय
मंगळवार, सकाळी ७.३०

दोन्ही उपाय खरे, पण विंडोज चालू झाल्यानंतरचे. इथं लोगो तरी येतो का, तेच अजून कळायचंय. घराचं दार उघडलेलं नाही आणि आपण स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करतोय. तीनदा पॉवर तर मुळीच तोडायला लावू नका, चांगली डिस्क फुकट खराब व्हायची.

*

प्रेषक: मंगळवार पेठ, सध्या नोव्हाय
मंगळवार, रात्री १०.३०

आत्ताच फोन झाला, तिकडे सकाळचे आठ, बाबांचा चहा झालेला. मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ची निळी पाटी पाच सेकंद दिसते, मग दिवा पिवळा होऊन झोपतो. नम लॉकचा दिवा लागत नाही. बीप नाही. बाबांच्या शब्दांत: ‘इंजिन फिरतंय, पण गिअरच पडंना.’

त्याआधी काय झालं होतं, असं विचारलं. ‘काय न्हाई. शुक्रवारी चांगला होता.’ लाईट गेली होती का? ‘ती जातीच की पावसात.’ संपलं.

*

प्रेषक: सांगली, सध्या कॅन्टन
मंगळवार, रात्री ११.०५

मला यातलं फार कळत नाही, पण एक विचारते. हलवला होता का?

आमच्याकडे २०१९ चा पूर घरात आला होता. तेव्हापासून कृष्णा वाढल्याची बातमी आली की सासूबाई मिक्सरपासून फाईलींपर्यंत सगळं माळ्यावर चढवतात, आणि उतरवलं की काही ना काही बिघडलेलं असतं. एकदा कॉम्प्युटरच होता. सगळ्या वायरी बरोबर लावल्या होत्या, फक्त मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डाच्या खाचेऐवजी वर बोर्डाच्या खाचेत. पुतण्यानं येऊन दोन मिनिटांत बदलली आणि बासुंदी खाऊन गेला.

*

प्रेषक: मंगळवार पेठ, सध्या नोव्हाय
बुधवार, सकाळी ८.१०

काकू, तुमचे पाय कुठं आहेत?

आज फोन आईला केला. गेल्या बुधवारी टीव्हीवर सांगितलं, पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीला टेकली. धोक्याची ४३ आहे, पण बाबा तेवढं थांबत नाहीत. सीपीयू उचलून कपाटावर. शुक्रवारी पाणी उतरायला लागलं तसा खाली आणला, आणि खाली आणताना कपाटाच्या दाराला ‘जरासा’ आपटला. हे ‘जरासा’ आईनं ज्या सुरात म्हटलं त्यावरून आवाज शेजारी गेला असणार. म्हणजे शुक्रवारी चांगला होता हे खरं, कपाटावर होता तोवर.

ग्राफिक्स कार्ड वेगळं नाही, मॉनिटरची वायर एकाच ठिकाणी लागते. ती काढून घट्ट लावून झाली. फरक नाही.

*

प्रेषक: शिवाजी पेठ, सध्या ट्रॉय
बुधवार, दुपारी १२.४५

आता दिशा लागली. पंखा फिरतो, नम लॉक मेलेला, मशीन हललेलं आणि दमट हवा: माझे पैसे रॅमवर. पण तपासूनच.

पॉवरची वायर भिंतीतून काढायची. नुसतं बटण बंद नको, वायरच बाहेर. मग पुढचं बटण वीसेक सेकंद दाबून धरायचं, आत उरलेला करंट निघून जातो. बाजूचं झाकण काढलं की आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा, अंगातली स्टॅटिक उतरते. एसएमपीएसचा, म्हणजे वीजपुरवठ्याचा, डबा मात्र उघडायचा नाही. बाबा मिस्त्री आहेत म्हणून मुद्दाम सांगतो, त्यातले कपॅसिटर वायर काढल्यावरही चार्ज धरून असतात.

आधी नुसतं बघा. प्रोसेसरशेजारी चार पिनांची पिवळ्या-काळ्या वायरींची खुट्टी असते, ती सैल झाली तरी पंखे फिरतात आणि स्क्रीन येत नाही. बोर्डावरच्या गोल कपॅसिटरांची डोकी सपाट हवीत. फुगलेली किंवा तपकिरी चीक आलेली दिसली तर दुकानदाराचं खरं.

मग एक युक्ती. जुन्या बोर्डांना चार पिनांचा छोटा स्पीकर लागतो, असेंबल करताना बरेचजण लावतच नाहीत, म्हणून बीप नाही. घरात जुना मोडका कॅबिनेट असेल तर त्यातला काढून पुढच्या पॅनेलच्या पिनांवर ‘स्पीकर’ लिहिलंय तिथं लावा. सगळी रॅम काढा आणि मशीन चालू करा. बोंबललं तर पेढे वाटा. रॅम नाही अशी तक्रार करायला बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही जिवंत लागतात. गप्प राहिलं तर एसएमपीएस, बोर्ड, प्रोसेसर यांतलं काहीतरी.

बोंबललं तर पुन्हा वायर काढून रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात शाळेतल्या पांढऱ्या खोडरबरानं हलके पुसायचे, चुरा ब्रशनं झाडायचा, फुंकर मारायची नाही, थुंकी उडते. एकच पट्टी लावायची, दोन्ही टोकांच्या कड्या टक् करून बसेपर्यंत. नाही झालं तर दुसऱ्या खाचेत, मग दुसरी पट्टी. दर वेळी वायर काढूनच. कंटाळवाणं आहे, पण दोन्ही एकदम लावल्या तर दोषी कोण ते कळत नाही.

*

प्रेषक: मंगळवार पेठ, सध्या नोव्हाय
शुक्रवार, रात्री ११.५०

मंडळी, सविस्तर लिहितो, कारण हे बघायला तुम्ही हवे होतात.

व्हिडिओ कॉल, फोन आईच्या हातात, बॅटरी बाबांच्या तोंडात. मला तासभर मुख्यतः बाबांचा कान दिसला. स्पीकर माळ्यावरच्या जुन्या कॅबिनेटमध्ये मिळाला. आमच्या घरात काही टाकून देत नाहीत याचा आयुष्यात पहिल्यांदा आनंद झाला.

दोन्ही पट्ट्या काढल्या, वायर लावली, बटण दाबलं. एक सेकंद काही नाही. मग असा बोंबलला की आईनं फोन खाली घेतला आणि मला फरशी दिसायला लागली. फरशीवरून बाबांचा आवाज: ‘जित्ता हाय की रं!’

नंतर खरा धोका आला. बाबांनी पट्टी उजेडाला धरली, दात काळपट पडलेले. ‘थांब, झिरो नंबरचा पॉलिश पेपर मारतो, आरशागत करतो.’ मी इकडे खुर्चीतून उभा. बाबा, तो सोन्याचा मुलामा आहे, एक मायक्रॉनपेक्षा पातळ. मायक्रॉन म्हटल्यावर हात थांबला. जन्मभर मायक्रोमीटर हाताळलेला माणूस, दुसरा कुठलाही शब्द त्यांना थांबवू शकला नसता. पट्टी डोळ्यांजवळ नेऊन दोन मिनिटं बघितली. ‘एवढा पातळ? मग चढवला कसा?’ तो प्रश्न तिथंच राहिला. शेजारच्या मुलीच्या कंपासमधलं खोडरबर आलं.

पहिली पट्टी, पहिली खाच: बोंब. दुसरी खाच: बोंब. दुसरी पट्टी: लोगो! म्हणजे एक पट्टी खरंच गेली, दुसरीचा नुसता मळ होता. आठ जीबीतले चार उरले.

पण पुढे काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं, सीमॉस चेकसम एरर, एफ वन दाबा. दाबलं, विंडोज चालू झालं. फाईल आहे, पाचवी वही जिथं थांबली होती तिथंच. आता घड्याळ १ जानेवारी २०१२ दाखवतंय आणि ब्राउझर प्रत्येक साईटला ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणतोय. व्हायरस आला का?

*

प्रेषक: शिवाजी पेठ, सध्या ट्रॉय
शनिवार, सकाळी ९.१५

व्हायरस नाही. बोर्डावर नाण्याएवढा सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. मशीन बंद असताना घड्याळ आणि बायॉसची, म्हणजे मशीन उठवणाऱ्या प्रोग्रॅमची, सेटिंग तो सांभाळतो; ती सीमॉसची एरर त्याचीच. २०१३ पासून तोच असेल तर संपला. साईटच्या प्रमाणपत्रांवर तारखा असतात. कॉम्प्युटर स्वतः २०१२ मध्ये बसलाय, म्हणून आजची प्रमाणपत्रं त्याला खोटी वाटतात. घड्याळाच्या दुकानात सेल मिळतो. लिहिलेली बाजू वर.

रॅम डीडीआर ३ ची चार जीबीची पट्टी जुन्या मालात मिळेल, घाई नाही. मात्र विंडोज १० ला नेहमीच्या अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या आणि २०१३ चं मशीन विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. त्यावर बँकेचं काम करू देऊ नका. वह्या चढवायला झकास.

आणि सेल आणायला जाण्याआधी फाईल पेनड्राइव्हवर. एक तुम्हाला मेलनं.

*

प्रेषक: मंगळवार पेठ, सध्या नोव्हाय
रविवार, सकाळी १०.००

सेल बसला, तारीख टिकली. फाईल पेनड्राइव्हवर आणि माझ्याकडेही आली, ३,१८६ ओळी. सीपीयू आता कायमचा टेबलावर, नदीचं नदी बघून घेईल.

काकूंना आईचा नमस्कार. डोंबिवलीकर, तुमची चार बटणं बाबांनी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलीत.

शिवाजी पेठेला बाबांचा निरोप, जसाच्या तसा: ‘पोरगं हुशार हाय. पेठ तेवढी चुकली.’

*

प्रेषक: शिवाजी पेठ, सध्या ट्रॉय
रविवार, सकाळी १०.०४

बाबांना म्हणावं, फाईलची एक प्रत इकडं पण पाठवा. पंचांबद्दल काय काय लिहिलंय ते आमच्या पेठेकडून कुणीतरी तपासायला पाहिजे.