मदत हवी आहे : दृश्याचं विश्लेषण लिहायचं कसं?

नमस्कार मंडळी. मी मुंबईत मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका दृश्याचं विश्लेषण लिहायचंय, त्यासाठी चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' हा चित्रपट घेतलाय. सुट्टी लागते, कोर्टाची खोली रिकामी होते, दिवे मालवले जातात, पडदा काळा होतो. तरी कॅमेरा जागचा हलत नाही. दर वेळी अंगावर येतं. लिहायला बसले की मात्र 'स्थिर कॅमेरा, वाइड शॉट, लांब टेक' एवढीच यादी होते. बाईंनी शेरा दिला, "हे वर्णन झालं. अर्थ कुठाय?" बरोबरच आहे त्यांचं.

आवाज बंद करून पाहिलं, मग चित्राकडे न बघता नुसतं ऐकलं. ऐकण्यातून जास्त हाती लागलं, हे मला अनपेक्षित होतं.

तुम्ही तंत्राकडून अर्थाकडे कसे जाता? कॅमेरा तिथेच का थांबला, हे ठामपणे म्हणायला आधार कशाचा घ्यायचा? आणि मालिकांमध्ये एकाच प्रसंगात तीन-तीन चेहऱ्यांवर झूम होतं, त्याला हीच मोजपट्टी लावावी का? प्रभात चित्र मंडळ या फिल्म सोसायटीच्या चित्रपटांच्या खेळांना जाणारं कुणी असेल तर सोबत यायला आवडेल. मराठीतली पुस्तकंही सुचवा. सोमवारी वही द्यायची आहे.