तीन सुया देऊनही खूर बरं होत नाही, तेव्हा...

जेंटामायसिन या प्रतिजैविकाच्या (जंतू मारणाऱ्या औषधाच्या) तीन सुया देऊनही तुमच्या गाईचं लंगडणं थांबलं नाही, म्हणजे जंतू औषधाला सरावले, असं तुम्ही लिहिलंय. तसं असू शकतं, पण इथे कारण दुसरं वाटतं. खूर सडवणारा मुख्य जंतू फ्युसोबॅक्टेरियम नेक्रोफोरम हा प्राणवायूशिवाय वाढतो. जेंटामायसिनला जंतूच्या पेशीत शिरायला प्राणवायूवर चालणारी यंत्रणा लागते, ती त्याच्याकडे नाहीच. हा प्रतिकार त्याला जन्मजात आहे. चौथी सुई देऊन काही साधणार नाही. उलट शरीरातल्या इतर जंतूंना मात्र त्या औषधाची सवय लागत जाते. ही काळजी खरी आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन जातीच्या) गाईचा मागचा पाय असाच सुजला. डॉक्टरांनी पाय बांधून वर घेतला, दोन नख्यांमधली फाट धुतली, तर आत करड्या रंगाचं सडकं मांस आणि त्यात रुतलेला बारीक खडा! जवळ उभं राहवेना असा वास. खडा काढला, मेलेलं मांस साफ केलं आणि पेनिसिलिन सुरू केलं. चौथ्या दिवशी ती चारही पायांवर नीट उभी राहिली. दूध मात्र सांगितलेले दिवस डेअरीला घातलं नाही.

आधी पाय उचलून बघा. लंगडण्याचं कारण लाळ्या खुरकूत असेल तर तो विषाणूचा रोग आहे, विषाणूवर प्रतिजैविक चालतच नाही. आणि गोठ्यातला चिखल आजच काढा.