टेस्ट पॉइंटने फोन उठतो, फोटो मिळतीलच असं नाही

टेस्ट पॉइंट (फोनच्या बोर्डवरचे धातूचे ठिपके) शॉर्ट केला की मेलेल्या फोनमधले फोटोही काढता येतात असं म्हणतात, ते जुन्या फोनपुरतं ठीक. अलीकडच्या अँड्रॉइडमध्ये युजरडेटा (फोटो वगैरे तुमची माहिती असलेला मेमरीचा कप्पा) एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद, असतो आणि किल्ली त्याच प्रोसेसरशी बांधलेली असते. क्वालकॉमच्या ९००८ मोडमधून (त्यांच्या प्रोसेसरचा, फोन संगणकाला जोडून दुरुस्त करायचा आणीबाणीचा मोड) मेमरीचा अख्खा डंप, म्हणजे कॉपी, घेतलात तरी हातात कचराच येतो. फोटो हवे असतील तर युजरडेटाला हात न लावता फक्त बिघडलेली पार्टिशन्स (मेमरीचे कप्पे) भरायची, म्हणजे फोन स्वतः उठून पासवर्ड मागेल. फ्लॅश करायच्या (फोनमध्ये सॉफ्टवेअर भरायच्या) टूलमध्ये 'इरेज ऑल'वर, म्हणजे सगळं पुसायच्या पर्यायावर, टिक असेल तर संपलंच.

ब्रिक झालेला, म्हणजे सॉफ्टवेअर बिघडून चालूच न होणारा, फोन उठवायला मात्र हा उपाय झकास. आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा, चिमट्याने ठिपके जोडून केबल लावायची आणि संगणकाच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ९००८ दिसताच चिमटा सोडायचा. बऱ्याच बोर्डांवर तो ठिपका ईएमएमसीच्या (फोनच्या मेमरी चिपच्या) क्लॉक किंवा कमांड लाइनचा असतो. चिमटा तसाच दाबून धरला तर मेमरीच सापडत नाही आणि माणूस उगाच ड्रायव्हर बदलत बसतो. पुढे कंपनीची डिजिटल सही असलेली फायरहोज फाइल (संगणकाला फोनची मेमरी वाचू-लिहू देणारा छोटा प्रोग्रॅम) लागते, ती नसेल तर ठिपके सापडून उपयोग नाही. आणि ती चालली की पहिलं काम फ्लॅश नव्हे: मॉडेमएसटी१, मॉडेमएसटी२, एफएसजी, पर्सिस्ट या पार्टिशन्सची कॉपी काढून ठेवा. आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) आणि नेटवर्कचं कॅलिब्रेशन तिथेच असतं, आणि ते दुसऱ्या फोनमधून उसनं आणता येत नाही.