कल्पित सरदारकीची मुद्राचित्रे: कलावंताचा हक्क की इतिहासाशी प्रतारणा?

धागाकर्ता, सदाशिव पेठ
गेल्या आठवड्यात डेक्कनवरच्या एका कलादालनात एका तरुण कलावंताची एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेली चित्रे, पाहिली. प्रत्येक चित्रात तो स्वतःच आहे: कुठे पगडी-अंगरखा घालून सदरेवर, कुठे पालखीत, कुठे अब्दागिरीच्या सावलीत. जे घराणे कधी नव्हतेच त्याची वंशावळ त्याने मोडीत कोरली आहे, खाली शिक्का उठवला आहे आणि कागद चहाच्या पाण्यात बुडवून जुनाट केला आहे. हात कसलेला आहे, यात शंका नाही. माझा आक्षेप त्या कागदाला आहे. मी काही वर्षे मोडी कागद वाचले आहेत. एक सनद अस्सल ठरवण्यासाठी शिक्का, हस्ताक्षर, कालगणना, कागदाची जात हे सारे तपासताना महिने जातात. ज्या शहरात पेशवे दफ्तर आहे, तिथे खोट्या वंशावळीला कलेचा मान देणे मला गैर वाटते.

मुद्राचित्रण शिकवणारी, कर्वेनगर
असहमत. प्रत्येक चित्राखाली पेन्सिलीने प्रतीचा क्रमांक आणि आजच्या कलावंताची सही आहे. बनावट सनद करणारा स्वतःची सही ठेवत नाही. शिवाय छाप उलटी उमटत असल्याने ती सारी मोडी त्याला जस्ताच्या पत्र्यावर उलटी कोरावी लागली असणार, आणि लिपीवर प्रेम असल्याशिवाय एवढे कष्ट कुणी घेत नाही. पुण्यात चित्रशाळा छापखाना 1878 साली सुरू झाला तेव्हा पेशवाई बुडून 60 वर्षे झाली होती. तरी तिथे छापलेल्या नाना फडणविसांच्या चित्रांनी लोकांच्या मनातली पेशवाई घडवली. छापील चित्रातून वैभव कल्पिणे हे या शहराला नवे नाही. टोयिन ओजी ओडुटोला या नायजेरियन-अमेरिकन चित्रकर्तीने 2017 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात दोन काल्पनिक नायजेरियन उमराव घराण्यांची चित्रे मांडली, ती कुणी खोटेपणा म्हणून नाकारली नाहीत.

धागाकर्ता
त्या घराण्यांच्या नावावर इथल्या सातबाऱ्याचा दावा उभा राहत नाही. आपल्याकडे 1852 च्या कायद्याने इनाम कमिशन आले, तेव्हापासून जमिनीचा हक्क कागदावर तपासला जाऊ लागला. इथे कागद नुसता कागद नसतो.

वाचक, येरवडा
आमच्या घरीही वतन होते, महार वतन. त्यात पालखी नव्हती. गावकी होती, सरकारी बोजे वाहणे होते. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदे मंडळात त्याविरुद्ध विधेयक आणले, आणि वतने प्रत्यक्ष रद्द झाली ती 1958 च्या कायद्याने. त्यामुळे कागद खरा की खोटा हा माझा पहिला प्रश्नच नाही. आमच्या गुलामीचा कागद अगदी अस्सल होता. ज्याला वंशावळच लिहून ठेवू दिली नाही त्याने ती कल्पनेने लिहिली तर मला तो हक्क वाटतो. मात्र एक विचारतो: त्या चित्रांत अब्दागिरी धरणारा कोण आहे? यिंका शोनिबारे या ब्रिटिश-नायजेरियन कलावंताने 1998 साली स्वतःला व्हिक्टोरियन रंगेल उमरावाच्या वेषात छायाचित्रित केले तेव्हा भोवतीचे नोकर गोरे दाखवले. त्याने नुसता मुख्य माणूस बदलला नाही, सगळी उतरंड उलटी केली. इथे कलावंत स्वतः पालखीत बसला आणि भोई होते तिथेच राहिले असतील, तर माझाही आक्षेप आहे, पण तो तुमच्याहून वेगळा.

धागाकर्ता
प्रश्न योग्य आहे. अब्दागिरीवाल्याचा चेहरा चौकटीने कापला आहे, एवढे आठवते.

मुद्राचित्रण शिकवणारी
पालखीच्या दोन चित्रांत चारही भोयांना कलावंताने स्वतःचाच चेहरा दिला आहे. पालखीतला आणि पालखीखालचा, दोघेही तोच.

धागाकर्ता
ते माझ्या नजरेतून निसटले. मी शिक्केच वाचत राहिलो. पुन्हा जाऊन पाहीन. चहाने जुनाट केलेल्या कागदावर अस्सल वाटेल असा शिक्का उठवण्याबद्दलचा माझा आक्षेप मात्र कायम आहे.